मागता आलं पाहिजे! : राष्ट्रीय ग्रंथालयाची ओळख

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'ग्रंथालय' हा शब्द दहावीपर्यंत मी फक्त मराठीच्या पेपरात लिहिला, तोंडाने कायम 'लायब्ररी'च म्हटलं. तेव्हा या लेखात दोन्ही शब्द येतील, सांभाळून घ्या.

आपल्या हॉस्टेलवर 'लायब्ररीत चाललेय' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पी.एल. लागली की सकाळी सातला रीडिंग हॉलमध्ये वही टाकून जागा पकडायची. नोट्स आपल्या, पुस्तक आपलं, पाण्याची बाटली आपली. लायब्ररीचं आपण वापरतो काय, तर पंखा, ट्यूबलाइट आणि शांतता. मी कुणाला नावं ठेवत नाही. एका खोलीत तिघीजणी आणि एक स्पीकर असेल तर माणूस दुसरं काय करणार? पण संपूर्ण देशाची म्हणून जी लायब्ररी असते, तिथे ही सवय कामाची नाही. तिथे कपाटापर्यंत आपण जातच नाही. काउंटरवर चिठ्ठी द्यायची आणि पुस्तक आपल्याकडे येतं. म्हणजे काय हवंय ते आधी नेमकं सांगता आलं पाहिजे. हा विषय आपल्या कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही, म्हणून हा लेख.

आपलं राष्ट्रीय ग्रंथालय कोलकात्याला आहे, अलीपूर भागात, बेल्व्हेडियर नावाच्या जुन्या वाड्याच्या आवारात. आवार जवळजवळ तीस एकरांचं. शेजारी प्राणिसंग्रहालय आहे, त्यामुळे बसमधून उतरणारी निम्मी गर्दी 'चिडियाखाना' विचारत तिकडे वळते, आणि उरलेले आपल्यासारखे. इथे वीस लाखांच्या वर पुस्तकं आहेत. इतिहास थोडक्यात सांगते. १८३६ साली लोकवर्गणीतून कलकत्ता पब्लिक लायब्ररी सुरू झाली. १८९१ मध्ये सरकारी कचेऱ्यांमधल्या पुस्तकांची एक इंपीरियल लायब्ररी झाली, ती मुख्यतः साहेबलोकांसाठी. लॉर्ड कर्झनने दोन्ही एकत्र करून ३० जानेवारी १९०३ ला मेटकाफ हॉलमध्ये ती लोकांना खुली केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने नाव बदललं, आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझादांच्या हस्ते बेल्व्हेडियरमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय सुरू झालं. आता वाचक जुन्या वाड्यात बसत नाहीत. २००४ पासून शेजारच्या भाषा भवन या नव्या इमारतीत वाचनकक्ष आहेत.

जुन्या वाड्याची एक गंमत सिव्हिलवाल्यांसाठी. २०१० साली दुरुस्तीचं काम चालू असताना तळमजल्यावर एक अशी खोली सापडली, जिला दार नाही, खिडकी नाही, काहीच नाही. मग काय, पेपरांतून खजिना, गुप्त तुरुंग, भुतं, सगळं छापून आलं. पुढे तपासून पाहिलं तर आत ठासून भरलेली माती! वरच्या बांधकामाला आधार म्हणून भरलेली. स्ट्रक्चरच्या मॅडमना ही गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "खजिन्यापेक्षा हेच बरं."

आणखी एक गोंधळ दूर करते. आपण फोनवर जी 'नॅशनल डिजिटल लायब्ररी' उघडतो ती वेगळी. ती आय.आय.टी. खरगपूरने उभी केली, २०१८ मध्ये देशाला अर्पण झाली, आणि तिचं काम म्हणजे ठिकठिकाणच्या डिजिटल साहित्याचा पत्ता एकाच खिडकीवर देणं. कोलकात्याची लायब्ररी कागदाची आहे. काही जुनी पुस्तकं स्कॅन झालेली आहेत, पण सगळी नाहीत. तेव्हा 'नेटवर नाही म्हणजे नाहीच' हा आपला लाडका फंडा इथे चालत नाही.

आता मुद्दा असा की ही वीस लाख पुस्तकं आली कुठून? काही विकत घेतली, काही देणगीत आली. आशुतोष मुखर्जींच्या घरच्यांनी त्यांची ८० हजारांहून जास्त पुस्तकं दिली. इतिहासकार जदुनाथ सरकारांचा संग्रहही इथेच आहे. हे जदुनाथ म्हणजे आपले रियासतकार सरदेसाई यांचे जन्माचे मित्र. शिवाजी महाराजांवर त्यांनी १९१९ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पण खरा मोठा ओघ येतो तो एका कायद्यामुळे. १९५४ चा पुस्तक-प्रदान कायदा. भारतात कुणीही, कुठल्याही भाषेत पुस्तक प्रसिद्ध केलं की प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, एक प्रत कोलकात्याला पाठवायची. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रंही आली. न पाठवणाऱ्याला मूळ कायद्यात दंड होता पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. पन्नास रुपये! १९५४ मध्ये ती रक्कम मोठी असेल, पण त्याच्या जोरावर आता कुणी घाबरेल असं वाटत नाही. म्हणजे सगळी मदार प्रकाशकाच्या शहाणपणावर. पुण्या-मुंबईचे मोठे प्रकाशक पाठवतात. तालुक्याच्या गावी चारशे प्रती काढून पाहुण्यांत वाटणारे आजोबा पाठवतात का? त्यांना हा कायदा कुणी सांगितलेलाच नसतो. तुमच्या घरात असे कुणी असतील तर त्यांना सांगा.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो गुळामुळे. आमच्या ग्रुपचा मिनी-प्रोजेक्ट होता गुऱ्हाळाच्या चुलवाणावर. (मेकॅनिकलला बाहेरचे लोक हसतात, पण उसाचा रस आटवायला किती चिपाडं जळतात याचा हिशेब हा चक्क थर्मोडायनॅमिक्सचा विषय आहे.) कागल तालुक्यातल्या एका गावात आम्ही मोजमापं घेत होतो. तिथल्या गुळव्यामामांचं एकच पालुपद, "आमच्या बापाच्या टायमाला चुलवाण इतकं खोल नसायचं पोरी. जाळ नीट काहिलीला लागायचा. आताचं हे नुसतं चिपाडं खातंय." आता हे रिपोर्टमध्ये लिहायचं कसं? जुनं चुलवाण कुठे शिल्लक नाही, पाडून त्यावरच नवं बांधलेलं. मामांचे वडील नाहीत. 'गुळव्यामामांशी झालेली चर्चा' असा संदर्भ दिला तर व्हायव्हाला एक्स्टर्नल काय म्हणतील ते सांगायला नको. आमच्या गाइड सरांना एवढंच आठवत होतं की लहानपणी त्यांच्या घरात गूळ आणि चुलवाण यावरची एक मराठी पुस्तिका होती, साठ-एकसष्टच्या सुमाराची, कोल्हापुरात छापलेली. लेखकाचं नाव आठवेना. पुस्तिका घरात उरली नव्हती.

इथे पहिला धडा सुरू होतो. 'गुळावरचं एक जुनं पुस्तक द्या' असं राष्ट्रीय ग्रंथालयात मागता येत नाही. आधी पुस्तकाचा पत्ता काढावा लागतो. त्यासाठी इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी, म्हणजे राष्ट्रीय ग्रंथसूची नावाची यादी असते. कायद्याने आलेल्या पुस्तकांवरून ती तयार होते, १९५८ पासून निघते, आणि ती काढणारं केंद्रीय संदर्भ ग्रंथालय बेल्व्हेडियरच्या आवारातच आहे. विद्यापीठांच्या मोठ्या लायब्ररीत तिचे जुने जाडजूड खंड असतात. एकेका नोंदीत लेखक, पुस्तक, गाव, प्रकाशक, साल, पानं आणि किंमतसुद्धा. खंडांची रचना विषयाच्या आकड्यांनी केलेली असते, ड्यूई नावाच्या दशांश पद्धतीने. या पद्धतीत ऊस शेतात उभा असेपर्यंत ६३३.६१ आणि काहिलीत पडला की ६६४.१! म्हणजे लेखकाचं नाव माहीत नसलं तरी ६६४.१ खाली त्या-त्या वर्षी सगळ्या भारतीय भाषांत आलेली साखर-गुळाची पुस्तकं एकत्र सापडतात. मला हे कळलं तेव्हा फारच भारी वाटलं. गुगलवर 'जॅगरी फर्नेस' टाकल्यावर लाखभर उत्तरं येतात, इथे दीड पान येतं, पण ते दीड पान माणसाने पुस्तक हातात घेऊन केलेलं असतं.

दुसरा धडा स्पेलिंगचा, आणि तो आपल्यासाठी फार महत्त्वाचा. ही सूची रोमन लिपीत छापलेली आहे. आणि ते रोमन आपलं व्हॉट्सॲपवालं नव्हे. भारतीय लिप्या रोमनमध्ये लिहायची एक पद्धत आहे, ती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्याच नावाने जगभर ओळखली जाते. शब्दकोशांत आणि व्याकरणांत सर्रास वापरतात. तिच्यात 'च' साठी नुसता सी, त्यापुढे एच नाही. 'श' साठी एस आणि त्याच्या डोक्यावर एक रेघ. 'ळ' म्हणजे एलच, खाली टिंब. शब्दाच्या शेवटचा, आपण न उच्चारलेला 'अ'सुद्धा लिहायचा. त्यामुळे 'गूळ' होतो जी-यू-एल-ए. 'चुलवाण' होतं सी-यू-एल-ए-व्ही-ए-एन-ए. देशपांड्यांच्या नावात एच कुठेच येत नाही, आणि चव्हाणांचं नाव सी-ए-व्ही पासून सुरू होऊन ए वर संपतं. माझ्यासारखीने कॉन्व्हेंटच्या स्पेलिंगने शोधलं तर अर्धा महाराष्ट्र सापडणारच नाही! संगणकावरच्या यादीत शोधताना मी सरळ तीन प्रकारे टाइप करते: देवनागरीत, नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने, आणि या पद्धतीने (रेघा-टिंबं सोडून). तिसऱ्या प्रकाराला यश येतं तेव्हा वेगळीच मजा येते.

आमची पुस्तिका १९६१ च्या नोंदींत निघाली. चाळीस पानं, किंमत बारा आणे नव्हे तर पंचाहत्तर नये पैसे. मे महिन्यात मी मावशीकडे बेहाल्याला जाणारच होते, तिथून अलीपूर जवळ.

आता प्रत्यक्ष आत गेल्यावर काय करायचं ते. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही वाचक-पत्र मिळू शकतं. ओळखपत्र, फोटो आणि भरलेला अर्ज लागतो. (वेळ आणि नियम बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या, आणि कॉलेजकडून एक शिफारसपत्र खिशात असू द्या. पत्राने कधी नुकसान होत नाही.) २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी तर जाऊच नका. अठराच्या खालच्या मुलांसाठी आवारात वेगळी बाललायब्ररी आहे. पिशवी बाहेर ठेवायची, वही-पेन घेऊन आत. मग यादीत पुस्तक शोधायचं, त्याचा क्रमांक मागणी-चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी काउंटरवर द्यायची आणि टेबलाशी बसायचं.

ही बसण्याची वेळ मला सगळ्यात आवडली. कपाटं बंद असतात, आत फक्त कर्मचारी जातात. आपली चिठ्ठी कुठल्या तरी मजल्यावर जाते आणि पुस्तक येईपर्यंत आपण लोकांकडे बघत बसतो. कुणी जुन्या बंगाली मासिकाचे बांधलेले अंक एकेक पान उलटत होतं. एक आजोबा भिंग लावून वंशावळ उतरवत होते. एका टेबलावर माझ्याच वयाचा मुलगा स्वतःचं स्पर्धापरीक्षेचं गाइड उघडून बसला होता. म्हणजे पंखा आणि ट्यूबलाइटवाले आपले बांधव सगळीकडे आहेत! त्याला हसायचा मला हक्क नाही, घरी कदाचित त्यालाही जागा नसेल. पण त्याच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे वीस लाख पुस्तकं होती आणि त्याला त्यातलं एकही लागत नव्हतं, हे बघून मात्र कसंतरीच वाटलं.

मराठीसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे. बंगाली, तमिळ, उर्दू, गुजराती असे बऱ्याच भाषांचे विभाग आहेत, तसाच. तिथल्या एका दादांना (बंगालीतही दादाच म्हणतात, त्यामुळे अडचण आली नाही) मी क्रमांक लिहिलेला कागद दाखवला, तर त्यांनी आधी विचारलं, "एवढंच हवंय, की या विषयाचं आणखी?" हा प्रश्न फुकट घालवू नका. मोठ्या लायब्ररीत संदर्भ विभागाचा माणूस हीच सगळ्यात महाग सेवा असते आणि तिला पैसे पडत नाहीत. 'माझा प्रोजेक्ट अमुक आहे, मला १९६५ च्या आधीची मापं हवी आहेत' असं सांगितलं की ते गूळ सोडून 'ग्रामोद्योग', 'खांडसरी' अशा भलत्याच शब्दांखाली शोधायला सांगतात. आमच्या दोन आणखी पुस्तिका अशाच निघाल्या, एक मराठी आणि एक हिंदी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या १९३१ च्या पाच नियमांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. तो नियम मला त्या दादांच्या प्रश्नात दिसला.

पुस्तिका आली. कागद पिवळा, कडा ठिसूळ, पण शिक्का ठसठशीत. शेवटच्या पानांवर चुलवाणाच्या आकृत्या होत्या, मापं फूट-इंचांत आणि गूळ रव्यांत मोजलेला (मेट्रिक तेव्हा नुकतंच येत होतं). प्रत काढायची असेल तर तसा अर्ज करून, पैसे भरून हवी तेवढी पानं मिळतात, स्वतःच्या अभ्यासापुरती. अख्खं पुस्तक मागू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, आणि १९६१ चा लेखक त्या हिशेबात बहुधा येतोच. खूप नाजूक पुस्तक असेल तर ते सांगतील तसंच हाताळायचं. मी आकृत्यांची पानं घेतली, उरलेलं दोन दिवस बसून वहीत उतरवलं. हाताने उतरवताना जेवढं डोक्यात जातं तेवढं झेरॉक्स काढून जात नाही, हे सरांचं म्हणणं मी नेहमी हसण्यावारी नेते, पण गूळ कसा उतरवायचा ते मला आता पाठ आहे.

यादी एवढी महत्त्वाची का, यासाठी लंडनचं उदाहरण देते. तिथल्या ब्रिटिश लायब्ररीशी आपलाही संबंध आहे. इंडिया ऑफिसचा संग्रह १९८२ मध्ये तिच्यात गेला, आणि जुनी मराठी पुस्तकं तिथे इतकी आहेत की १८९२ सालीच ब्रिटिश म्युझियमने मराठी-गुजराती छापील पुस्तकांची सूची काढली होती. या लायब्ररीचं एक मोठं कोठार यॉर्कशायरमध्ये बॉस्टन स्पाला आहे. आत माणसं फिरत नाहीत, यांत्रिक क्रेन पुस्तकांचे डबे आणतात, आणि आग लागू नये म्हणून हवेतला ऑक्सिजनच कमी ठेवलेला. (प्रॉडक्शनवाल्यांनी व्हिडिओ जरूर बघावा.) २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला. एकही पुस्तक चोरीला गेलं नाही, सगळी जिथल्या तिथे होती. पण संगणकावरची यादी बंद! कुठलं पुस्तक कुठल्या डब्यात आहे हे सांगणारी यंत्रणाच झोपली. यादी नुसती पाहण्यापुरती परत यायला २०२४ चा जानेवारी उजाडला, आणि यांत्रिक कोठारातली पुस्तकं त्यानंतरही काही महिने वाचकांना मिळत नव्हती. ऑक्सिजन कमी असल्याने माणसाने आत शिरून हाताने आणावं तर तेही सोपं नाही. इतकी हुशार मशिनरी, आणि चिठ्ठी पोचली नाही म्हणून सगळं ठप्प.

आपल्यातल्या किती जणांना कोलकात्याला जायला मिळेल? फार थोड्यांना. पण त्या १९५४ च्या कायद्यात एक प्रत नव्हे, चार प्रती आहेत. कोलकाता एक, चेन्नईची कॉनेमारा लायब्ररी दुसरी, दिल्ली पब्लिक लायब्ररी तिसरी, आणि चौथी आपल्या मुंबईत, फोर्टमधल्या टाउन हॉलच्या इमारतीतलं मध्यवर्ती ग्रंथालय. एशियाटिकच्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांवर आपण सगळ्यांनी फोटो काढलेत, पण पायऱ्या चढून त्याच इमारतीत हे ग्रंथालय आहे हे मला तरी परवापरवापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मराठी पुस्तकासाठी आधी तिथे विचारावं. आणि १९५४ च्या आधीचं मराठी पुस्तक शोधत असाल तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' बघावी. १८०० ते १९३७ या काळातली मराठी पुस्तकं एका माणसाने ध्यास घेऊन नोंदवली आहेत. सरकार नाही, ऑफिस नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. आपण चौघांचा ग्रुप करून चाळीस पानांचा रिपोर्ट वेळेत देऊ शकत नाही, हा विचार तेव्हा मनात येतोच.

असो. जूनमध्ये आम्ही त्या आकृत्या घेऊन पुन्हा गुऱ्हाळावर गेलो. सीझन नव्हता, मामा काहिल उलटी घालून बसले होते. मी काही सांगायच्या आत आमच्यातल्या एकाने त्यांना विचारलं, "मामा, तुमच्या वडलांच्या वेळी किती खोल होतं, जरा हाताने दाखवा की." मामांनी उभं राहून मांडीपाशी हात धरला. आम्ही टेप लावला. पुस्तिकेतली खोली आणि मामांचा हात यांत चार बोटांचा फरक निघाला. रिपोर्टमध्ये आता दोन्ही संदर्भ आहेत, आधी मामांचा.

उतरवलेली वही आणि आकृत्यांची झेरॉक्स सरांच्या केबिनमध्ये डाव्या कपाटात ठेवली आहे. पुढच्या वर्षी कुणाला याच विषयावर काम करायचं असेल तर मागून घ्या. क्रमांक, साल, पानं सगळं पहिल्या पानावर लिहिलंय.